मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

कुठल्याही सभेत पहिलं काम हेच.
वडील वाईच्या पतसंस्थेचे चिटणीस,
त्यांच्या वहीत हे वाक्य दर महिन्याला यायचं, त्याच वळणाचं,
आणि मी आता तेच टाइप करते
ओहायोतल्या एका नदीकाठच्या गावात,
सरकारी विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळापुढे,
इंग्रजीत.

नऊ विश्वस्त. सात हजर, एक फोनवर,
एक बर्फामुळे हमरस्त्यावर अडकलेला.
गणपूर्ती झाली.
कॉफीचा थर्मास, तीन प्रकारची बिस्किटं,
मागच्या खुर्च्यांवर स्थानिक वर्तमानपत्राची एक मुलगी
आणि थंडी टाळायला आत आलेले कुणी आजोबा.
सभा जनतेला खुली असते; जनता एवढीच.

मग संमती-यादी.
बावीस विषय, एका दमात, एका मतात:
वसतिगृहाच्या छताचं कंत्राट,
सांडपाण्याच्या नळासाठी गावाला पंधरा फूट रुंदीची पट्टी,
मोडीत काढायचे दोन ट्रॅक्टर आणि एक पियानो,
भूगर्भशास्त्राच्या बाईंना मानद प्राध्यापकपद,
पार्किंगच्या दंडात पाच डॉलर वाढ.
सूचक: श्रीमती लोरेटा हॅन्शू.
अनुमोदक: श्री. प्रूइट.
चर्चा? अध्यक्षांनी कुणाकडेही न बघता विचारलं.

कुणी वाचत नाही असं नाही. सगळे वाचून येतात,
लोरेटाबाईंच्या प्रतीला तर पिवळ्या चिठ्ठ्यांची झालर असते.
पण वाद घालावा असं त्यात काही नसतं,
आणि विद्यापीठ चालतं ते बहुधा
वाद घालावा असं काही नसलेल्या गोष्टींवरच.

"एक मिनिट," डेल्मर स्ट्रॉसबा म्हणाले.
"सतरावा विषय बाहेर काढा."

सहा वर्षांत या माणसाने एकही विषय बाहेर काढला नव्हता.
सोयाबीनची शेती, कानात यंत्र, हिवाळ्यातल्या सभेत मिटलेले डोळे.
अध्यक्षांनी चष्मा बदलला.
विधी सल्लागाराने पेनाचं टोपण काढलं.
सतरा म्हणजे आभाराचा ठराव:
बॉयलरघरातले एमेट व्होयतकोव्याक,
चौतीस वर्षं सेवा, निवृत्त.
याला कोण विरोध करणार?

"नावातला के गळलाय," डेल्मर म्हणाले.
"याच्या बापाच्या दुकानात मी पंधरा वर्षं खिळे घेतले.
पाटीवर होता तो."

बाकीचे एकवीस आधी मंजूर झाले, मग सतरा, दुरुस्तीसह.
नावं पुकारून मतं. फोनवरूनही एक होय,
त्याच्यामागे भुंकणारं कुत्रं.
सगळं मिळून तीन मिनिटं.

तो के मी गाळला होता.
मी, ज्ञानदा, जिच्या नावातला पहिला डी
इथे कुणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून पहिल्याच आठवड्यात
मी उरले नुसती डी.
तक्रार कधी केली नाही. सहीसुद्धा तशीच करते.

जेवणाच्या सुट्टीत ठराव पुन्हा छापला,
जाड कागदावर, सोनेरी शिक्क्यासकट,
एकेक अक्षर बोटाखाली धरून.
खिडकीतून बॉयलरघराचं धुराडं दिसतं.
वाफ सरळ वर जात होती, वारा नव्हता.
एमेट सभेला आले नव्हते.
त्यांना कुणी कळवलं होतं की नाही, तेही मला माहीत नाही.

इतिवृत्तात एवढंच गेलं:
विषय सतरा, दुरुस्तीसह, सर्वानुमते मंजूर.
कुठली दुरुस्ती, कुणाची चूक, हे लिहायची पद्धत नाही.
वडिलांच्या वहीतही नव्हती.
आता वाटतं, "किरकोळ दुरुस्तीसह" एवढ्या दोन शब्दांखाली
त्यांनी काय काय मिटवून ठेवलं असेल,
आणि कुणाकुणाचं.

सगळ्यात शेवटी नोंद घेणाऱ्याचं नाव.
कर्सर तिथे बराच वेळ लुकलुकत राहिला.
आयत्या वेळचा विषय.
सूचक मी. अनुमोदक कुणी नाही.
पूर्ण नाव टाइप केलं, आठ अक्षरं,
त्या न पेलणाऱ्या डीसकट.

पुढच्या महिन्यात वाचून कायम होईल.
नाहीतर कुणीतरी म्हणेल,
एक मिनिट.