सूतभर

त्या हिवाळ्यात माझ्या बापाने
गॅरेजच्या जमिनीवर प्लायवूडचे दोन तक्ते जोडून टाकले,
पांढरा रंग दिला, आणि वाळल्यावर
गुडघ्यांवर रांगत पेन्सिलीने
एक अख्खी गाडी आखली, खऱ्याएवढी.
मी तीत जाऊन झोपून पाहिलं.
पाय पेडलच्या रेघेपर्यंत पुरले नाहीत.

मेर्थरच्या वरच्या अंगाला आमची गल्ली,
उतारावर एकमेकांना रेलून उभी घरं.
शेजारचे प्यू चहाचा मग घेऊन डोकावले:
"पलंग करतोयस का, इड्वल?"
"स्पोर्ट्स कार," बाप म्हणाला. "दोघांपुरती."
"मग पलंगच की."
आईने आतून खिडकी लावून घेतली.

दिवसा तो बिस्किटांच्या कारखान्यात
सरकते पट्टे दुरुस्त करी.
अंगाला आल्याचा वास यायचा,
नंतर त्यावर कापलेल्या लोखंडाचा.
इंची चौकोनी नळी. करवत, कानस, गुण्या.
नळी कापली की तोंडाशी कुसळं राहतात,
ती घासायचं काम माझं.
बोट फिरवून बघायचं: अजून बोचतंय?
नसेल बोचत, तर पुढची.

आधी नुसते टाके, तो सांगायचा,
एकदम शिवायला घ्यायचं नाही.
इकडे एक, मग तिरपा समोर एक, मग थांबायचं.
लोखंड तापलं की फुगतं,
निवताना अंग चोरतं,
आणि चोरताना सगळ्या घराला आपल्याकडे ओढतं.
(आई तेव्हा माहेरी स्वान्सीला गेलेली होती.
त्यावर तो काही बोलला नाही.)

आणि मग कर्ण.
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरे दोन.
दोन्ही सारखे भरले तर चौकट चौकट,
नाहीतर पतंग.
फितीचं एक टोक त्याच्या अंगठ्याखाली,
आकड्याची बाजू माझ्याकडे.
पहिला कर्ण अठराशे बेचाळीस.

रात्रीचे साडेअकरा.
त्या आठवड्यात दोनदा त्याने टाके कापून
सगळं पुन्हा मांडलं होतं.
मास्क कपाळावर सारलेला,
डोळे लाल, वाळू गेल्यासारखे,
सकाळी सहाची पाळी.
"वाच," तो म्हणाला.
फितीवर अठराशे पंचेचाळीस होते.
मी म्हणाले, "बेचाळीस."

तीन मिलिमीटर. सूतभर.
मी अकरा वर्षांची होते.
बापाने हातमोजा काढला, वरची नळी थोपटली,
आणि दिवा न मालवताच झोपायला गेला.

मे महिन्यात गाडी बाहेर आली.
पिवळी. दार नाही, छप्पर नाही,
भंगारातल्या एस्कॉर्टचं इंजिन.
आई जिन्यावरून बघत होती, मग स्वतःच येऊन बसली
आणि डोक्याला रुमाल बांधून म्हणाली, "चल, किती वेळ?"

गाडी जराशी डावीकडे ओढायची.
"रस्त्याला डावीकडे उतार असतोच," बाप सगळ्यांना सांगे,
"पाणी जायला."
चारही टायर बदलले. स्प्रिंगा बदलल्या.
कौन्सिलला रस्त्याबद्दल दोन पत्रं लिहिली,
दुसऱ्याला आकृती जोडून.
एकोणीस वर्षं मी शेजारच्या सीटवर
वारा खात, तोंड मिटून.

परवा त्याला घेऊन जुन्या विमानतळावर गेले,
विमानं केव्हाच बंद झालेल्या.
त्याच्या मांडीवर ब्लँकेट, चाक माझ्या हातात.
सपाट सिमेंट, भेगांतून गवत,
मैलभर कशालाही उतार नाही.
गाडी डावीकडे गेली.

तो बराच वेळ समोर बघत राहिला.
"इथे तर सपाट आहे, नेरिस."
मी गियर बदलला. बदलायची गरज नव्हती.
"उजवा हात थोडा जड ठेव," तो म्हणाला.
"मी ठेवायचो."