पान एकशे बारा

कॅम्पस चौकात माझं बाइंडिंगचं दुकान.
मे महिना. कूलरच्या गवताचा ओला वास,
त्यात खळीचा.
कोमलान प्रबंधाच्या पाच प्रती घेऊन आला,
देश टोगो, गाव लोमे,
मराठी मात्र अमरावती रोडवर शिकलेला,
म्हणतो, "भाऊ, पुठ्ठा कडक लावजा."
कोमलान म्हणजे मंगळवारी जन्मलेला.
म्हटलं, मग तू आमच्या बाचा नावभाऊ,
तो मंगरू.

विषय: महामारीत तिकडच्या सरकारांनी काय केलं.
पानं जुळवता जुळवता वाचतो मी.
बाइंडरला मार्गदर्शक लागत नाही.

पान चाळीस. मतदार कार्डावर ज्याचा धंदा
वेण्या घालणारी, शिंपी, मोटरसायकलवाला,
त्याच्या फोनवर पैसे. बाईला थोडे जास्त.
"अन् रांग?"
"रांग नाही भाऊ. पण माझ्या मावशीजवळ फोन नव्हता."
हे प्रबंधात नाही.
आमच्या बेबीनंदाचे पाचशे जनधनात आले होते.
बँकेसमोर खडूचे गोल, गोलात चपला,
बाया निंबाखाली,
चपला उन्हात नंबर धरून.

पान एक्याऐंशी. गरीब देशांच्या कर्जाचे हप्ते थांबवले.
थांबवले. सोडले नाही.
हे मला समजावून सांगायची गरज नव्हती,
माझ्या कटिंग मशीनचे सहा हप्ते असेच थांबले होते,
दुकान बंद,
व्याज तेवढं रोज शटर उघडून बसायचं.

तेव्हा प्रबंध कुठले.
एकच काम आलं, मोक्षधामाचं रजिस्टर.
नाव, वय, वेळ. चारशे पानी.
पंधरा दिवसांनी तोच माणूस परत,
"तसंच अजून एक. थोडं जाड."
पैसे रोख दिले त्याने.

संध्याकाळी कोमलान एकेक प्रत उघडून पाहत होता.
चौथीत थांबला.
पान एकशे बारा मी उलटं शिवलं होतं,
आलेखातला खड्डा टेकडी होऊन उभा.
इतका हसला की चहावाला वळून पाहू लागला.
"भाऊ, ही प्रत अर्थमंत्र्याला पाठवू!"
मग डोळे पुसून, हळू, "उसवून दे."

उसवलं. सरळ शिवलं.
पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकली.

त्याने भिंतीवरच्या चौकोनाला फोन दाखवला.
बाराशे पन्नास रुपये प्राप्त झाले,
पेटीतली बाई बोलली.
तो पेटीकडेच बघत राहिला.
म्हणाला, "मावशी असती ना,
तर हिच्याशी बोलत बसली असती."