दुसरा ब्रेक

गाडी तीच. मारुती आठशे, मूळ रंग पांढरा.
छपरावरची शिकाऊ पाटी मुजावरनं काढली
तेव्हा खाली चार भोकं निघाली, गंजलेली.
त्यातनं उद्यमनगरचं आभाळ दिसत होतं.

बावीस वर्षं मी ह्याच डाव्या सीटवर बसलोय.
मंगळवार पेठेत कोण नाही शिकलं माझ्याकडं?
तालमीतली पोरं, बँकेतल्या बाया, एक निवृत्त मामलेदार
जो क्लच सोडताना डोळे मिटायचा.
माझं काम एवढंच : पायाखाली दुसरा ब्रेक
आणि तोंडात एक शब्द, हळू.

शुभदा मगदूम शिकली तेव्हा एकोणीसची होती.
अकराव्या दिवशी दसरा चौकात तिनं गिअर असा बदलला
की मला कळलंच नाही.
फी परत द्यायला पाहिजे होती मी.
दहा वर्षांनी आली, म्हणाली, सर, जुनी गाडी विकताय म्हणं.
रॅली करायचीय.
मी म्हटलं, बाजूला कोण बसणार?
ती बघत राहिली माझ्याकडं.

पाइपांचा पिंजरा बसवायला तीन दिवस.
वेल्डिंग, मुजावरची शिवी, चहा, परत वेल्डिंग.
मागची सीट उचकटली तर सापडलं
कुणाचं कानातलं, आठ आणे,
आडनाव पुसलेल्या एका माणसाचं लायसन.
शेवटी तो माझ्या पायाशी वाकला,
दुसरा ब्रेक पान्यानं सोडवला
आणि हातात दिला,
दवाखान्यात काढलेला दात देतात तसा.

गारगोटीच्या पुढं, पठाराला चढणारा तांबडा रस्ता.
आदल्या दिवशी तो नुसता बघायचा, चाळीसच्या आत,
आणि लिहायचा.
मी दोनशे पानी वही काढली.
डावं चार, ऐंशी मीटर, उजवं दोन, आत कापू नको, दगड.
चढ, पलीकडचं दिसत नाही, सरळ ठेव.
मोरी, अरुंद.
आणि सवयीनं जागोजागी : हळू. हळू.
तिनं पेन घेतलं, खोडलं.
"सर, हळू म्हणजे किती, ते सांगा."

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

सकाळी हेल्मेटात स्वतःचाच श्वास.
गालात आलेपाकाची वडी, कारण गाडीत वाचलं की मला मळमळतं.
हे तिला सांगितलं नव्हतं.
समोरच्या माणसाची बोटं एकेक करून मिटली.

मग घमेल्यात खडी ओतावी तसे दगड पोटाखाली.
डावं चार म्हटलं, डावं चार आलं.
उजवं दोन म्हटलं, आलं.
वाटलं, मी वाचतोय म्हणून रस्ता होतोय.
त्याच तोऱ्यात एक ओळ सुटली.

मोरी.

माझा उजवा पाय गेला, सगळ्या ताकदीनं,
जिथं आता काहीच नव्हतं,
नुसता पत्रा.
गाडी थांबली नाही.
मागचं चाक हवेत गेल्याचं कळलं,
मग बऱ्याच वेळानं खाली आल्याचं.
"कुठं आहे आपण?" ती ओरडली.
राग नव्हता त्यात. पत्ता विचारत होती.
मी बोट फिरवलं, सापडलं :
उजवं पाच, उतार, लांब, सोड.
सोड, असं मी म्हणालो.

नंबर शेवटून दुसरा.
शेवटच्याचा रेडिएटर फुटला होता.
वर पुढच्या नाक्यावर दोन मिनिटं लवकर पोचलो म्हणून दंड.
शुभदा त्या दंडाचा कागद सगळ्यांना दाखवत फिरली,
बक्षीस मिळाल्यासारखा.

सोमवारी सकाळी सातला नवीन पोरगी, शाळेची नवी गाडी,
पायाखाली दुसरा ब्रेक, शाबूत.
गंगावेशीत शिरलो. तिचे हात स्टिअरिंगला चिकटलेले.
जिभेवर नेहमीचा शब्द आला होता.
म्हटलं : तीस मीटर, उजवं तीन,
मधी म्हैस,
कापू नको.