दोन बोटं डावीकडे

ओरेस्ते वियानेल्लो हे नाव
आमच्या गल्लीत कुणालाच धड उच्चारता आलं नाही.
भाऊ, म्हणजे माझे वडील, फ्रेमवाले,
त्याला ओरेसपंत म्हणायचे.
तोही ओ द्यायचा.
युद्धकैदी म्हणून आला, कैद सुटली,
बोट सुटली, हा राहिला
रास्ता पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.
त्याच्या कागदांवर कायम ज्वारीची साय असायची.

त्याच्या गावात म्हणे रस्तेच पाण्याचे.
पाच पिढ्या घरात एकच धंदा:
परक्या पाहुण्यांना शहर विकायचं
हातभर कापडावर, खिडकी न् खिडकी मोजून.
"मग इथे पाहुणा कोण?" भाऊंनी विचारलं.
"मीच. मीच काढतो, मीच घेतो,"
म्हणाला, आणि फ्रेमचे पैसे
उधार ठेवून गेला.

मी तेव्हा नऊ वर्षांची. माझ्याकडे स्टूल,
छत्री, आणि ती काळी पेटी
जिच्या भिंगातून मुठा आत यायची
उलटी होऊन:
ओंकारेश्वराचा कळस खाली, पाणी आभाळात,
धुणं बडवणाऱ्या बाया डोक्यावर उभ्या.
काचेवर कागद ठेवून तो कडा गिरवायचा.
मी माश्या हाकलायचे.

एकसष्टचा सबंध उन्हाळा
त्याने पलीकडे बसून पेठांचा काठ काढला.
घाट, पायऱ्या, एकशे बारा खिडक्या,
खळदकरांच्या गच्चीवर पापडांचं वाळवण,
एक कुत्रं, जे चैत्रानंतर दिसलंच नाही.
शेवटी, काहीतरी पांढरं हवं म्हणून,
खळदकरांच्या रिकाम्या दोरीवर
एक सदरा.

आणि देऊळ जागचं हललेलं.
"पंत, चुकलं. देऊळ इकडं आहे."
हसला. त्याचं मराठी गिरणीत शिकलेलं, भरडं:
"देवाला विचारलं. दोन बोटं डावीकडे सरका म्हटलं,
चित्राला तोल येतो. सरकला.
नदी पण थोडी रुंद केली तुझी.
आवडतं तिला."

बारा जुलैला नदीने ते मनावर घेतलं.

आमच्या भवानी पेठेत पाणी आलं नव्हतं.
चित्र फ्रेमसाठी आलेलं, सरस ओला होता.
कसं कळलं कुणास ठाऊक,
चिखल वाळायच्या आत लोक दुकानात यायला लागले.
वाकून घर शोधायचे. खिडक्या मोजायचे.
दोघे सख्खे भाऊ एका जिन्यावरून भांडले,
तो जिना आता फक्त तिथे होता, बोटभर.

मग वर्तक नावाचे कारकून आले, पंचनाम्याचे,
खिशात टेप. कुणाची भिंत कुठवर,
याला दुसरा पुरावा उरला नव्हता.
ओरेसपंत उभा राहिला.
"साहेब, लिहू नका. खोटं आहे.
देऊळ अजून उभं आहे, जाऊन बघा, मग इथे बघा.
ज्याने देव हलवला
तो तुमची भिंत सोडेल?"
वर्तकांनी टेप गुंडाळली. चहा न घेता गेले.

अंबूताई खळदकर कोपऱ्यात बसून होत्या,
अंगावर कुणाचं तरी पातळ.
त्यांचे यजमान अजून सापडले नव्हते.
"ते देवळाचं असू दे," म्हणाल्या,
"हा सदरा तरी
होता तिथेच आहे ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी सरसाच्या भांड्याकडे.
"हो बाई," म्हणाला. "तो हलवला नाही."

चित्र त्यांनाच दिलं. भाऊंनी उधारी खोडली.

पुढे वीस वर्षं तो काढत राहिला,
काठावर आलेल्या सिमेंटच्या इमारती, पत्रे, कठडे.
देऊळ जिथल्या तिथे, नदी जेवढी तेवढी.
ती चित्रं कुणीच घेतली नाहीत.
त्यानेसुद्धा.