पान एकशे बेचाळीस

सातपूरच्या वाचनालयात
मीच अनुवादलेलं पुस्तक हाताला लागलं.
मागच्या चिठ्ठीवर शिक्के सात.
चौदा वर्षांत सात माणसं, म्हटलं, असो.

आत ती. बर्फाळ मुलखातली सुईण,
जाऊन दोनशे वर्षं झालेली.
रात्री घरी आली की वहीत टिपायची:
मुलगा. मुलगी. मेलेला मुलगा. रस्ता बंद.

पान एकशे बेचाळीस.
'अपरा पडेपर्यंत ती हलली नाही,'
असं मी लिहिलेलं, दोन कोश उघडून.
'अपरा'वर पेन्सिलची काट
आणि समासात, कागद फाटेल इतकं दाबून:
वार म्हणा. अपरा कोण म्हणतं?

ग्रंथपालानं चष्मा कपाळावर सरकवला.
"कौतिकाबाई भोये. पेठकडच्या.
सरकारी दवाखान्यात आया होत्या,
आता लेकाकडे असतात, कामगार वसाहतीत.
सातातले चार शिक्के त्यांचेच."

म्हणजे माणसं चारच.
मी खुर्ची ओढून बसले
आणि माझंच पुस्तक पहिल्यापासून वाचू लागले,
फक्त समास.

एका पानावर नुसतं: खरंय.
एका पानावर: एवढा ताप असताना पाणी का नाही दिलं?
आणि जिथे जिथे ती लिहिते, रस्ता बंद,
तिथे बारीक, तिरक्या अक्षरात:
आमची दमणगंगा भरली की असंच.