नखं

दर दुसऱ्या गुरुवारी, दुकान बंद व्हायच्या जरा आधी
ब्रिजेट येते. डन्स्टेबलच्या हाय स्ट्रीटवर
चार खुर्च्यांचं माझं दुकान, दोन कायम रिकाम्या.
रंग नको म्हणते. नुसती साफ कर, घासून दे.
कोमट पाण्यात बोटं बुडवली
की ओल्या गवताचा, कोंड्याचा वास सुटतो
आणि वाडग्याच्या तळाशी
टेकडीवरची पांढरी माती बसते.

ती गेंड्यांकडे असते. टेकडीवरच्या प्राणिसंग्रहालयात,
बावीस वर्षं.

पहिल्यांदा मी हसले होते. म्हटलं, आमच्यात
कशाचंच काही न वाटणाऱ्याला म्हणतात
गेंड्याच्या कातडीचा.
तिनं हात पाण्यातच ठेवला.
माशी चावली तरी रक्त येतं गं तिला, म्हणाली.
उन्हानं भाजते. चिखल काय हौसेनं फासते अंगाला?
आणि घड्यांच्या आत बोट घालून बघ,
तान्ह्याच्या मानेसारखी मऊ.

तिचं नाव तोरसा. नाव एका नदीचं,
जन्म इथला. नदी पाहिलेलीच नाही.
दिसतंही बेताचंच. पण कान दोन दिशांना फिरतात,
एक ब्रिजेटच्या बुटांकडे,
दुसरा ल्युटनला उतरणाऱ्या विमानाकडे.
दलदलीसाठी घडलेले तळवे सिमेंटवर भेगाळतात,
म्हणून केळं दाखवून तिला आडवी करायची
आणि कानस घेऊन बसायचं.
पायाला तीन, एकूण बारा.
तुझं नि माझं काम एकच, ब्रिजेट म्हणते,
माझं गिऱ्हाईक टिप देत नाही एवढंच.

शिंगाचं विचारलं तेव्हा
टेबलावरच्या भुकटीत तिनं बोट फिरवलं.
हेच. हाड नाही, हस्तिदंत नाही.
कुणी तापावर उगाळून घेतं,
कुणी नुसतं कपाटात ठेवतं, पाहुण्यांनी बघावं म्हणून.
तिकडच्या जंगलांत पौर्णिमेला गस्त वाढवतात,
चांदण्यात नेम चांगला लागतो.

नखासाठी गळ्याला नख,
मी मराठीतच बोलून गेले.
काय म्हणालीस, तिनं विचारलं. मला सांगता येईना.
मग सांगितलं ते भलतंच:
दिवेलागणीला नखं कापली की आई ओरडायची,
कापलेलं नख घरात पडलं तर भांडणं लागतात.
बरोबरच आहे तुझ्या आईचं, ब्रिजेट म्हणाली.

आज ती उशिरा आली, डोळे तांबारलेले.
सोळा महिने आम्ही दोघींनी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या.
रविवारी पहाटे पिल्लू झालं. मादी,
साठ किलोची, तासाभरात उभी राहिली.
शिंगाच्या जागी नुसता गुळगुळीत डाग,
पालथ्या बशीसारखा.
आणि सोमवारी दोन माणसं आली
कुंपणाला नवी तार, नवे कॅमेरे लावायला.
काही उगवायच्या आधीच, ती म्हणाली,
आणि दुसरा हात पुढे केला.

ती गेल्यावर मी भुकटी सुपलीत ओढली.
चमचाभरही नव्हती.
केराच्या डब्यावर सुपली धरून
किती वेळ उभी होते कोण जाणे.
मग शटर ओढलं. चार पावलं जाऊन परत आले,
कुलूप ओढून पाहिलं.