शेपट्यांची यादी

हिलोच्या ग्रंथालयात, तळघरात,
काहिकिना आजोबा समोर बसलेत, टोपी मांडीवर.
म्हणतात, एका वाऱ्याचं नाव होतं,
आमच्या खाडीत पहाटे उतरायचा.
नावाची सुरुवात गेली. शेवटही गेला.
मधलं तेवढं जिभेवर राहिलंय: लेहाना.

शब्दकोश आधी पहिलं अक्षर मागतो.
ते नसेल तर दारातूनच परत पाठवतो.

मी कागदावर मासा लिहिते,
खडकांतला, त्यांच्या ओळखीचा:
हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ.
"मोआनी, हा आम्ही कापत नाही."
मासा नाही हो, नाव कापायचं.
मुंडकं उडवायचं, उरलेलं ठेवायचं:
मुहुमुनुकुनुकुआपुआआ.
पुन्हा एक घाव:
हुमुनुकुनुकुआपुआआ.
असं करत करत
शेवटी हातात नुसता आ.

बारा तुकडे. प्रत्येकावर आकडा,
कितव्या अक्षरापासून सुरू झाला त्याचा.
आता वर्णक्रमाने लावा.
आजोबा चष्मा पुसतात, चिठ्ठ्या सरकवतात.
एकटा आ सगळ्यांच्या वर जातो,
अख्खं नाव, जे पहिलं होतं, ते तळाशी,
आणि पाचव्या अक्षरावरचा नुकु
सातव्यावरच्या नुकुला चिकटून.
"हे शेजारी कधी आले?"
आपोआप. सारख्या तोंडाचे जवळ येतात.
नावाच्या पोटातलं काहीही आठवा,
ते कुठल्या ना कुठल्या शेपटीचं तोंड असतंच.

मग यादीच्या मधोमध बोट ठेवायचं.
हवं ते वर असेल की खाली?
अर्धी यादी सोडून द्यायची.
उरलेलीच्या पुन्हा मधोमध.

"आणि तुमची ती जुनी वर्तमानपत्रं?"
साठ वर्षांचे अंक. एकच लांब मासा समजा,
कोट्यवधी अक्षरांचा.
"एवढ्या शेपट्या लिहिल्या कुणी?"
कुणीच नाही. यादीत फक्त आकडे असतात.
मासा जिथल्या तिथे, अखंड.
यावर ते पहिल्यांदा हसतात.
"म्हणजे कापला नाहीच."

पंचवीस-सव्वीस वेळा अर्धं,
चहाला उकळी फुटायच्याही आत:
लेहाना. दोन ओळी, एकीखाली एक.
वरची एका लग्नाची बातमी,
त्या पहाटे तोच वारा होता म्हणून लिहिलेली.
खालची एका होडीची, जी परत आली नाही.
दोघींत अठ्ठावीस वर्षं.
आडनाव एकच.

आजोबा पूर्ण नाव वाचतात, ओठांतल्या ओठांत.
टोपी घालतात. परत काढतात.
"ही दोन शेजारी कशी आली?"

उत्तर मघाशी दिलं होतं मी.
आता देववत नाही.